दोन काळ्या, एक कोरी

हरभऱ्याला फूल धरलं की आमच्या भागातल्या पोरापोरींच्या हातात हॉल तिकिटं येतात. हिवाळी परीक्षेचा आणि हरभऱ्याचा काय करार झालेला आहे कोण जाणे, पण दोघंही वेळ चुकवत नाहीत. सकाळच्या यवतमाळ गाडीत बघा. खिडकीशी बसलेल्या पोरीचे ओठ हलत असतात, मांडीवर वही उघडी असते आणि बाहेर रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागलेला असतो. बाभळीला कापूस पिकत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. उंच भरलेली गाडी फांद्यांखालून गेली की काटे आपापला वाटा काढून घेतात, एवढंच.

या दिवसांतलं ऊन मला फार आवडतं. पाठीला लागतं पण टोचत नाही. तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडायच्या, हरभऱ्याच्या पाल्यावरची आंब बोटाला लावून चाटायची आणि आंबट झालेल्या तोंडानं हसायचं, असे हे दिवस. आणि माझ्या धंद्यापुरतं बोलायचं तर मोटरी जळायचे दिवस. गव्हाला पाणी, हरभऱ्याला पाणी, सगळ्यांना एकाच वेळी पाणी. लाईन आली की शिवारभर एकदम बटणं दाबली जातात. मग कोणीतरी मोटरसायकलच्या मागे मोटर बांधून माझ्या दारात येतो आणि मयताची खबर द्यावी तसा म्हणतो, "ताई, गेली."

माझं दुकान बाभुळगावात आहे, मोटर वाइंडिंगचं. जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी भरायची, हे काम. दुकान बाबांनी टाकलं, आता मी चालवते आणि बाबा अजून रोज येऊन बसतात. पाटीवर माझ्या नावापुढे बी.एस्सी. लिहिलेलं आहे आणि ते तीन अक्षरी शेपूट लोकांच्या डोळ्यात फार खुपतं. "एवढी शिकली अन् शेवटी मोटराच भरून राह्यली का वो?" हा प्रश्न मला बारा महिने येतो. परीक्षेच्या दिवसांत जरा जास्तच येतो, कारण तेव्हा घरोघरी तोच वाद पेटलेला असतो. पोरीला कॉलेजात ठेवायचं की काढायचं, पोरानं डिग्री करायची की आयटीआय, डिग्रीनं नोकरी लागते का? मी आधी लगेच चिडायचे. आता चहा पाजते आणि मग चिडते.

खरं तेच सांगते. डिग्रीनं मला नोकरी लागली नाही. अर्ज भरले, परीक्षा दिल्या, याद्या वरून खाली आणि खालून वर वाचल्या, नाव नव्हतं. आमच्या वर्गातली एक पुण्यात कंपनीत आहे. एक तासिका तत्त्वावर शिकवते आणि दर जूनमध्ये नेमणूक पुन्हा मिळावी म्हणून कॉलेजात चकरा मारते. एकानं किराणा टाकला आणि तो आम्हा सगळ्यांत गुटगुटीत झाला. हे सगळं मान्य. तरीही कोणी माझ्यासमोर "डिग्री म्हणजे कागदाचा तुकडा" असं म्हटलं की माझं डोकं फिरतं. हे डोकं एका हिवाळ्यानं असं करून ठेवलं आहे.

त्या हिवाळ्यात मी बी.एस्सी. फायनलला होते. फिजिक्स, इलेक्ट्रॉनिक्स, मॅथ्स. बाबा सातवी शिकलेले. पण सारा तालुका त्यांना देवराव मिस्त्री म्हणून ओळखायचा, आणि त्या 'मिस्त्री'त जे वजन होतं ते मला कॉलेजातल्या एकाही 'सर'मध्ये दिसलं नाही. मोटर उघडायच्या आधी ते तिचा वास घेत. "ही पाण्याविना चालली. हिच्यात पाणी शिरलं. हिले चार दिवस कन्हत ठेवलं यानं अन् मंग आणली." मोटरीचा मालक तोंडात बोट घालायचा. जळालेल्या वार्निशचा तो कडू, घशाला धरणारा वास आमच्या घरात पांघरुणांनासुद्धा यायचा. कॉलेजात माझ्या शेजारी बसणारी पोरगी पहिल्या वर्षी नाकाला रुमाल लावायची. तिसऱ्या वर्षी तिच्या घरचा मिक्सर जळला, तेव्हा गुपचूप माझ्याकडेच घेऊन आली.

त्या वर्षी बाबांनी भरलेल्या मोटरी परत येऊ लागल्या. आमच्या धंद्यात रीत आहे, भरलेली मोटर त्याच हंगामात जळून आली तर मिस्त्रीनं तोंड न उघडता पुन्हा भरून द्यायची. बाबांनी तोंड उघडलं नाही. एक आली, दुसरी आली, मग आठवड्याला एक येऊ लागली. प्रत्येक मोटर उघडली की आत तेच चित्र. मोटरीत तीन फेजच्या तीन गुंडाळ्या असतात. त्यांतल्या दोन जळून काळ्या ठिक्कर आणि तिसरी जशीच्या तशी, कालच भरल्यासारखी चकचकीत. बाबा तिला कोरी म्हणायचे. मोटर उघडायची, आत बघायचं आणि हळूच म्हणायचं, "दोन काळ्या, एक कोरी."

आता कोणीही म्हणेल, ही तर सोपी गोष्ट आहे. तीनपैकी एक फेज गेली की सगळा भार उरलेल्या दोघींवर पडतो, त्या जळतात, आणि जिच्यात करंटच शिरत नाही ती कोरी राहते. हे बाबांना माझ्या जन्माआधीपासून माहीत होतं. म्हणून ते टेस्टिंगचे बल्ब घेऊन एका जळालेल्या मोटरीच्या वावरात, म्हणजे शेतात, गेले, तिन्ही तारांना लावून पाहिले, आणि तिन्ही बल्ब लख्ख पेटले. लाईनमननंही पाहिलं, लाईन बरोबर. वीज कार्यालयात बाबा तीन वेळा जाऊन आले. तिथं उभ्या उभ्याच उत्तर मिळालं, "लाईन चांगली आहे मिस्त्री, तुमची वाइंडिंग कच्ची आहे."

आणि बाबांनी ते मानलं! मला आजही त्याचा राग येतो. कार्यालयाचा कमी आणि बाबांचा जास्त. त्यांनी स्वतःविरुद्ध पुरावासुद्धा तयार केला होता. म्हणाले, "पाह्य, सकाळी थंडीत माहे बोटं आखडते. पयल्या दोन गुंडाळ्या मी सकाळी भरतो. तिसरी भरेपर्यंत ऊन येते, हात मोकळा होते. म्हणून दोन कच्च्या अन् एक पक्की." त्या दिवसापासून ते सकाळी शेकोटीवर हात धरून बसायला लागले. पंचवीस वर्षं ज्या हातांकडे त्यांनी कधी बघितलंही नव्हतं, ते हात उलटे-सुलटे करून बघायचे. मला ते बघवायचं नाही.

एके दिवशी वामनराव आले. नाल्याच्या अंगाला त्यांचं वावर आहे, चांगला माणूस, बाबांचा जुना गिऱ्हाईक. त्यांची मोटर दुसऱ्यांदा जळाली होती. भांडले असते तर बरं झालं असतं. ते बाबांच्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाले, "देवराव, वय झालं आता. दिसून नाही राह्यलं त सोडून द्या ना. कोणी नावं नाही ठेवत."

बाबा त्यांच्यासमोर हसले. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "हा हंगाम काढतो अन् दुकान बंद करतो." मामांनी यवतमाळला कापडाच्या दुकानात माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती, पेपर सोडायचे आणि महिनाअखेरीस रुजू व्हायचं, असं ठरल्यासारखंच झालं. "थे डिग्री घेऊन तरी काय करतं?" मामा म्हणाले होते, आणि बाबांनी मान हलवली होती. आई दिवसभर कापूस वेचून आली होती, बोटांना बोंडाच्या टोकांचे ओरखडे. ती भाकरी थापता थापता एवढंच बोलली, "फॉर्म भरला आहे तिनं." मी मात्र ताट सरकवून उठले आणि जे नाही ते बोलले. तुम्ही भित्रे आहात, असंही बोलले. बापाला असं बोलायचं नसतं. पण त्या रात्री माझ्या शब्दांचा वळ उठला असेल तर तो माझ्याच अंगावर.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजची प्रॅक्टिकलची वही घेऊन दुकानात बसले. तुम्ही सायन्स केलं असेल तर ती वही आठवत असेल: उद्देश, साहित्य, निरीक्षण, निष्कर्ष. तीन वर्षं आम्ही तिच्यातली निरीक्षणं एकमेकांची बघून उतरवली होती. उत्तर आधीच माहीत असायचं, आकडे त्याला जुळतील असे मागून बसवायचे. त्या वहीचा खरा उपयोग काय, हे मला सही करणाऱ्या सरांनी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. त्या सकाळी मी पहिल्यांदा एक असं पान उघडलं, ज्याचं उत्तर मला माहीत नव्हतं.

वामनरावांची मोटर बाबा भरत होते. मी शेजारी बसून लिहीत गेले. पहिली गुंडाळी, सकाळी, हात थंड. दुसरी, सकाळी, हात थंड. तिसरी, दुपारी, हात मोकळा. प्रत्येकीच्या टोकाला वेगळ्या रंगाची खूण केली. बाबा म्हणाले, "हे काय येड्यावानी करून राह्यली?" मी म्हटलं, "तुमच्यावर केस चालू आहे. साक्षी लिहून घेते." आठ दिवसांत मोटर परत आली. उघडली. दोन काळ्या, एक कोरी. आणि कोरी कोणती? पहिली! भल्या सकाळची, आखडलेल्या बोटांची.

मी ओरडलेच. बाबा शांत. "एकीनं काय होते?" त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पुढच्या मोटरीत मधली कोरी निघाली, तीही सकाळचीच. त्याच्या पुढच्यात पुन्हा पहिली. मग मी मागचा सगळा हंगाम बाबांच्या तोंडून काढून घेतला. कोणाची मोटर, कोणत्या वावरातली, कोणत्या डीपीवरची. डीपी म्हणजे आमच्याकडे वावरातला ट्रान्सफॉर्मर. तक्ता पूर्ण झाला आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघतच राहिलो. जळालेली एकूण एक मोटर नाल्याच्या डीपीवरची. बाकीच्या शिवारांत याच हातानं, याच तारेनं भरलेल्या मोटरी मजेत पाणी फेकत होत्या. शेवटचा रकाना होता निरीक्षण नंबर तीन, कधी जळाली. सुरू करताना एकही नाही. सगळ्या भर दुपारी, सगळ्यांच्या मोटरी एकदम चालू असताना.

म्हणजे बाबांनी बल्ब लावले तेव्हा तिन्ही पेटले, कारण तेव्हा भार नव्हता. भार पडला की एक फेज कुठंतरी दम सोडत असणार. एवढी साधी गोष्ट! पण ती बाबांच्या बोटांत अर्धी होती आणि माझ्या वहीत अर्धी. एक वेगळी गोष्ट मला तेव्हा खाडकन लागली, ती सांगून टाकते. आम्ही दोघंही कोरी गुंडाळी म्हणजे चांगली गुंडाळी समजत होतो. ती चांगली नव्हती, तिच्यातून काही वाहिलंच नव्हतं. माझी तीन वर्षांची डिग्री अगदी तशीच चकचकीत होती.

मी अर्ज लिहिला, तक्ता जोडला, खाली नाव आणि 'बी.एस्सी. फायनल' असं लिहून कार्यालयात दिला. साहेब उभ्यानं वाचायला लागले आणि बसून संपवला. "गुरुवारी बारा वाजता येतो," म्हणाले. बाबा हेच तोंडानं तीनदा सांगून आले होते. त्यांना कोणी खुर्ची दिली नव्हती. डिग्रीचा हाही एक उपयोग आहे आणि तो मला गोड लागत नाही, पण तो नाही असं मी म्हणणार नाही.

गुरुवारी माझा इलेक्ट्रॉनिक्सचा पेपर होता, अकरा ते दोन. मी ठरवून टाकलं, पेपर बुडवायचा. "बॅक लागला त उन्हाळ्यात काढीन," मी म्हटलं. बाबा हातातली तार खाली ठेवून उठले. आयुष्यात ते माझ्यावर त्या एकदाच ओरडले असतील.

"कायले? मी सातवी शिकलो म्हणून मले वाचता येत नाही काय? दे थे वही इकडं. तू तुहा पेपर दे, मी माहा देतो."

बारा वाजता परीक्षेच्या हॉलमध्ये ऊन माझ्या बाकावर आलं होतं. चौथा प्रश्न लिहिता लिहिता मी घड्याळाकडे बघितलं. आता नाल्यावर लोक जमले असतील. आता बल्ब लावले असतील. पेन थांबलं. मग मला वाटलं, तिकडे बाबा माझी वही उघडून उभे आहेत आणि मी इकडे कोरं पान घेऊन बसले तर त्यांना तोंड कसं दाखवू? पुरवणी मागितली. शेवटची घंटा होईपर्यंत मान वर केली नाही.

गाडी बाभुळगावला पोचली तेव्हा ऊन कलतं होतं. बाबा स्टँडवर उभे. माझे अबोल बाबा मी पायरीवरून उतरायच्या आत बोलायला लागले ते घर येईपर्यंत थांबले नाहीत. साहेबांनी बल्ब लावले, तिन्ही पेटले. साहेब म्हणाले, "पाहा मिस्त्री, काय म्हटलं होतं?" लोक हसले. बाबांनी वहीचं पान उलटलं.

"मी म्हटलं, थांबा साहेब. अजून निरीक्षण नंबर तीन बाकी आहे."

निरीक्षण नंबर तीन! सातवी शिकलेला माझा बाप वीसेक माणसांसमोर असं म्हणाला. मग त्यांनी एकेकाला हाक मारून मोटरी सुरू करायला लावल्या. चार, पाच, सहा. बल्ब तसेच. आठवी सुरू झाली आणि तिसरा बल्ब मंदावला, पिवळा पडला, चिमणीच्या वातीएवढा झाला. साहेबांनी लाईन बंद करून माणूस वर चढवला. वरच्या एका जोडाची तार आतून जळालेली होती. खालून बघणाऱ्याला धड दिसायची, भार आला की तापून जागा सोडायची, थंड झाली की पुन्हा टेकायची. तासाभरात नवा जोड बसला. साऱ्या मोटरी एकदम चालू केल्या, तिन्ही बल्ब लख्ख, आणि पाटाला पाणी धो धो.

"अन् वामनराव?" मी विचारलं.

"थे म्हणे, या वहीत माहं नाव तीनदा काहून आहे? मी म्हटलं, तुमची मोटर तीनदा जळली म्हणून!" आणि बाबा भर रस्त्यात पोट धरून हसले. मी रडत होते. हसत पण होते. कोणी बघितलं असतं तर बापलेकींना वेड लागलं म्हटलं असतं.

पेपर निघाला, मी पास झाले. डिग्री झाली. कापडाच्या दुकानातली ती जागा मामांनी दुसऱ्या कोणाला दिली आणि दोन वर्षं माझ्याशी धड बोलले नाहीत. नाल्याच्या डीपीवर त्या हंगामात पुन्हा एकही मोटर जळाली नाही. शिवाराशिवारातून लोक यायला लागले, "तुमची थे वही घेऊन या ना एकदा." मी जायचे. अजून जाते. मोटर जळाल्यावर भरणारे तालुक्यात बरेच आहेत, ती का जळाली हे लिहून दाखवणारी मी एक आहे. याला नोकरी म्हणत नाहीत हे मला माहीत आहे, न म्हणणाऱ्यांनी खुशाल दुसरा शब्द शोधावा.

गेल्या आठवड्यात एक जण मोटर न्यायला आला, सोबत त्याची पोरगी. पहिल्या वर्षाला आहे, परवापासून पेपर, आणि बापाच्या डोक्यात तिला काढायचं चाललेलं. तो मला त्याचा प्रश्न विचारणार, तेवढ्यात पोरगीच धीर करून म्हणाली, "ताई, खरं सांगजा. तुमाले डिग्रीचा काही फायदा झाला काय?"

मी घसा साफ केला. माझ्याकडे या विषयावर मोठं भाषण तयार असतं. पण आतून बाबांचा आवाज आला. मांडीत मोटर घेऊन ते तार भरत होते, आणि त्यांनी मान वरही केली नाही.

"तिले काय इचारतं बाई? फायदा मले झाला. साऱ्या शिवारानं माह्या हाताले गुन्हेगार ठरवलं होतं, मी बी ठरवलं होतं. पोरगी शिकून राह्यली होती, म्हणून हे हात निर्दोष सुटले."